उभं राहता येईल असा तंबू

पुण्यात मी तंबू भाड्याने देते आणि बिघडलेले दुरुस्तही करून देते. येणारी मंडळी बहुतेक घरगुती. नवरा-बायको, एखाद-दोन मुलं, पुष्कळदा सोबत आजी-आजोबा. शुक्रवारी संध्याकाळी डिकीत तंबू, गाद्या, शेगडी, पाण्याचे कॅन भरायचे आणि भंडारदरा, मुळशी, पवना, नाहीतर थेट दिवेआगर-हर्णैच्या बाजूला एक-दोन रात्री काढून यायचं, असा त्यांचा बेत असतो. सोमवारी तंबू परत येतात. एकेक उघडायचा, झटकायचा, उलटा करून शिवणी बघायच्या, दाराची चेन मागेपुढे करायची, काड्या मोजायच्या. तंबूंबद्दल मला जे काही कळतं ते बरंचसं या सोमवारच्या कामातून आलेलं आहे. पिशवीवर छापलेले आकडे घेताना उपयोगी पडतात, पण कुठला तंबू टिकतो ते माणसं त्यात राहून आली की मगच दिसतं.

आणि मला दिसत आलंय ते असं, की गाडीने जाणाऱ्या कुटुंबाने तंबू निवडताना घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करावी. आजींना गुडघ्यांवर रांगत आत जावं लागलं, रात्री उठताना कुणाच्या पायावर पाय पडला, सकाळी वाकूनच साडी सारखी करावी लागली, की त्या पुन्हा येत नाहीत. आजी येत नाहीत म्हटल्यावर पुढच्या खेपेला बेत रिसॉर्टवर जातो आणि मुलांचं उघड्यावर राहणं तिथेच थांबतं. मला याचं खरोखर वाईट वाटतं. तंबू दहा सेंटीमीटरने उंच असता तर ते घर वर्षानुवर्षं जात राहिलं असतं, असं काही घरांबद्दल मी खात्रीने सांगू शकते.

आपल्याकडे बहुतेकांची तंबूशी ओळख ट्रेकमधून झालेली असते. गडावर पाठीवर वाहून न्यायच्या तंबूत शंभर-शंभर ग्रॅमचा हिशेब करावाच लागतो. गाडी शेजारी उभी असताना तो हिशेब लागू होत नाही. बारा-पंधरा किलोचं ओझं डिकीतून काढून वीस पावलं न्यायचं, एवढाच प्रश्न असतो. तरीही गाळ्यात आलेला माणूस सगळ्यांत आधी पिशवी हातात उचलून बघतो आणि हलकी लागली की त्याचा चेहरा खुलतो. मी त्याला गाडी कुठली ते विचारते. छोटी गाडी असेल तर वजनापेक्षा घडीची लांबी बघावी लागते. काड्या आधीच जोडलेल्या, छत्रीसारख्या उघडणाऱ्या केबिन तंबूंची पिशवी चांगली सव्वा मीटर भरते. ती लहान डिकीत बसत नाही, मागची अर्धी सीट आडवी करावी लागते आणि मग आजोबा बसणार कुठे? काड्या वेगळ्या निघणारा तंबू उभारायला पंधरा-वीस मिनिटं जास्त घेतो, पण पाच माणसांच्या गाडीत पाच माणसं बसतात.

मग येतो 'चौघांचा', 'सहा जणांचा' हा आकडा. चौघं खांद्याला खांदा लावून निजली तर मावतात, एवढाच त्याचा अर्थ. माणशी साधारण ६० सेंटीमीटर रुंदी धरलेली असते. घरातली साधी एकेरी गादी तीन फुटांची, म्हणजे ९० सेंटीमीटरची. चौघांच्या म्हणवल्या जाणाऱ्या तंबूचा तळ बहुधा २१० बाय २४० सेंटीमीटरच्या आसपास असतो. त्यात अशा दोन गाद्या घातल्या की ६० सेंटीमीटरची पट्टी उरते. तिथे बॅगा, पाण्याच्या बाटल्या, बाळाचं सामान. म्हणजे तो तंबू दोन मोठ्या माणसांचा आणि मध्ये शिरणाऱ्या एका पोराचा झाला.

हे बोलून कळत नाही. म्हणून गाळ्याच्या फरशीवर मी रंगीत चिकटपट्टीने वेगवेगळ्या तंबूंचे तळ आखून ठेवले आहेत. घरच्या सगळ्यांना त्यात आडवं व्हायला सांगते. मोठी माणसं आधी संकोचतात, मुलं धावत जाऊन पसरतात, मग आईवडील निजतात आणि मग कुणीतरी विचारतं, "रात्री बाबांना उठायचं झालं तर?" बाबा भिंतीकडच्या कडेला असतात आणि दार विरुद्ध बाजूला. तिथल्या तिथे दोन दारांचा तंबू हवा हे ठरतं. माझा नेहमीचा सल्ला साधा आहे: जेवढी माणसं, त्यात दोन मिळवा आणि त्या आकड्याचा तंबू घ्या. चौघं असाल तर सहाचा. पावसात संध्याकाळचे चार तास आत बसून काढायची वेळ आली तर ही वाढीव जागा पत्त्यांच्या डावाला, घडीच्या खुर्चीला आणि कंटाळलेल्या मुलाच्या येरझारांना पुरते.

उंचीवर मी सगळ्यांत जास्त बोलते. घुमटाच्या आकाराचे चौघांचे तंबू मधोमध एक मीटर तीस-चाळीसच्या घरात असतात आणि तीही उंची मधल्या हातभर जागेतच मिळते. कडेला भिंत उतरत येते, त्यामुळे तळाचं माप तेवढंच असूनही वापरायची जागा कमी. साठी ओलांडलेल्या माणसाला जमिनीवरून उठताना आधी गुडघा, मग हात, मग पाठ अशा क्रमाने सरळ व्हावं लागतं आणि वर कापड डोक्याला लागलं की तो क्रम मोडतो. १८० ते १९० सेंटीमीटर उंची असेल तर माणूस उठून उभा राहतो, कपडे बदलतो, आणि खुर्चीवर बसून पायमोजेही घालतो. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना हे फार मोठं वाटत नाही. पण आपल्या आईवडिलांना सोबत नेणाऱ्या घराला तंबूत यापेक्षा मोलाचं दुसरं काही मिळत नाही, असं मी मानते.

उंचीची किंमत वारा वसूल करतो. याबद्दल मात्र मोकळेपणाने सांगायला हवं, कारण मोठे केबिन तंबू विकताना वाऱ्याचा विषय सहसा निघत नाही.

मे महिना संपत आला की काजव्यांसाठी भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते. काजवे बहरतात ते नेमके मोसमी पावसाच्या तोंडावर, म्हणजे ज्या दिवसांत वळीव कधीही गाठतो त्याच दिवसांत. मोठा गट असला की तंबू लावून द्यायला आम्ही स्वतः जातो. अशाच एका खेपेला गावातल्या एका घराच्या भातखाचरात आमचे तंबू होते. मे महिन्यात खाचर कोरडं, सपाट, बांधांमुळे थोडा आडोसाही मिळतो. एका बाजूला कळसूबाईची रांग, दुसरीकडे विल्सन धरणामागचा जलाशय. दिवसभर पान हललं नव्हतं. पाचच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलं आणि घरमालकाने आपल्या गाई आत घेतल्या. गावचा माणूस जनावरं आत घेतो तेव्हा आपणही दोऱ्या तपासाव्यात हे मी तिथे शिकले.

आमच्याकडे दोन प्रकारचे तंबू उभे होते. एक उभ्या भिंतींचा केबिन, दोन मीटर उंच. दुसरे बोगद्याच्या आकाराचे, कमानीसारख्या काड्यांचे, उंचीला थोडे कमी. बोगद्यांची निमुळती बाजू आम्ही पश्चिमेला ठेवली होती. केबिनचे सगळे तणावे सोडून, लांबवर नेऊन मेखांना बांधले होते. पलीकडच्या शेतात दुसऱ्या कुठल्या गटाचा तसाच केबिन तंबू होता. त्याचे तणावे कापडाच्या कडेला गुंडाळलेले तसेच लोंबत होते. पहिला झोत आला तेव्हा विजाही सुरू झाल्या होत्या आणि आम्ही सगळ्यांना गाड्यांत बसवलं होतं. गाडीच्या काचेतून ते सगळं दिसत होतं. बोगद्यावरून वारा सरकत जात होता, कापड थरथरायचं, पुन्हा ताठ व्हायचं. आमच्या केबिनची पश्चिमेकडची भिंत पोट आत घेतल्यासारखी दबली, तणावा ताणला गेला, भिंत परत आली, पुन्हा दबली. पलीकडच्या तंबूची भिंत दबली ती छपरापर्यंत दबत गेली. छपराच्या मधोमध काड्या एकत्र येतात तिथला प्लॅस्टिकचा सांधा फुटला आणि अख्खा तंबू एका कुशीवर आडवा झाला. कापड कुठेही फाटलेलं नव्हतं. सुदैवाने त्यातली माणसंही बाहेर होती.

म्हणून मी केबिन तंबू देताना तणावे बांधून दाखवते आणि उभारणाऱ्याकडून एकदा बांधून घेते. स्वतःच्या घरासाठी विचाराल तर मी बोगद्याच्या आकाराचा, मधल्या खोलीत पूर्ण उभं राहता येणारा तंबू निवडेन. झोपायची खोली थोडी बुटकी असली तरी चालते, बसाउठायची जागा उंच हवी. डोंगरमाथा किंवा उघडा समुद्रकिनारा सोडून झाडीच्या आडोशाला जाणाऱ्यांनी केबिन बिनधास्त घ्यावा. आडोसा म्हणजे वाळक्या फांदीखालची जागा नव्हे. वळवात झाडांच्या फांद्या आधी तुटतात. आणि विजा चमकू लागल्या की तंबू कितीही भक्कम असो, बाहेर पडून टपाच्या गाडीत काचा वर करून बसायचं. विजेपासून तंबू वाचवत नाही. गाडीचा पत्र्याचा सांगाडा वीज बाहेरच्या बाहेर जमिनीकडे नेतो. गाडीने मुक्कामाला जाण्याचा हा फार मोठा फायदा आहे आणि तो कुणी मोजत नाही.

कापडाकडे वळते. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. ट्रेकच्या तंबूंत वीस-तीस डेनियरची नाजूक कापडं असतात. गाडीच्या तंबूंत ६८ ते ७५ नेहमी आढळतात आणि १५० मिळालं तर मी तेच घेते. तळाला १५० किंवा २१०. कापड पॉलिएस्टरचं असावं. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, मध्यरात्री उठून ताणावं लागतं, आणि आपल्या उन्हात ते पॉलिएस्टरपेक्षा लवकर कच्चं होतं. सुती कॅनव्हासचे तंबू माझ्या फार आवडीचे. पहिल्यांदा भिजले की सूत फुगून विणीतली भोकं बुजतात, आतली हवा कोंडत नाही, दुपारी पॉलिएस्टरच्या मानाने सुसह्य राहतात आणि नीट सांभाळले तर पुढच्या पिढीला देता येतात. पण तिघांनी मिळून उचलावे असं त्यांचं वजन, आणि ओले झाले की पुण्याच्या पावसाळी हवेत दोन-तीन दिवस वाळत नाहीत. ज्यांच्याकडे अंगण किंवा शेतघर आहे त्यांनीच कॅनव्हास घ्यावा, असं मी स्पष्ट सांगते.

पाणी किती अडेल याचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. ३००० लिहिलं असेल तर तीन मीटर उंचीचं पाणी कापडावर तोलून धरलं तोवर ते आत झिरपलं नाही, असा अर्थ. १५०० वर हलका पाऊस निघतो. सह्याद्रीच्या कडेला मी २००० च्या खालचा तंबू देत नाही, आणि तळाला त्याहून जास्त आकडा लागतो, कारण ओल्या जमिनीवर गुडघा किंवा कोपर टेकला की तेवढ्या जागी दाब एकदम वाढतो. खाली वेगळी ताडपत्री अंथरत असाल तर ती तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी बोटभर लहान हवी. मोठी असेल तर छपरावरून उतरलेलं पाणी ती झेलते आणि आपल्याच गादीखाली आणून सोडते. 'तंबू गळतो' म्हणून परत आलेल्या कित्येक तंबूंच्या पिशव्यांतून अशी ऐसपैस ताडपत्री निघाली आहे.

पण हा मिलिमीटरचा आकडा नव्या कापडाचा असतो. कापड स्वतः पाणी अडवत नाही, त्याच्या आतल्या अंगाला दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर अडवतो. हा थर दमट हवेत आणि उष्णतेत हळूहळू विघटतो. लोक दुरुस्तीला तंबू आणतात तेव्हा मी आधी तो हुंगते. आंबूस, जुन्या रेनकोटसारखा वास आला की पुढचं कळतं. घडी उलगडताना कापड कापडाला चिकटलेलं असतं, चर्र करत सुटतं. आतून हात फिरवला तर बोटांना चिकट लागतं. आणखी वर्षभराने पांढरे पापुद्रे सुटतात, अंथरुणावर कोंडा पडल्यासारखे. या टप्प्यावर माझ्याकडे उपाय नसतो. आतून पुन्हा लेप देण्याची द्रावणं मिळतात, पण जुना थर पुरता खरवडून काढल्याशिवाय नवा धरत नाही, आणि तेवढ्या कष्टात कापड जातं. असे तंबू फार वापरलेले असतात असंही नाही. एकदा पावसात नेला, थोडा ओलसर असतानाच घट्ट गुंडाळला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्लॅबखालच्या माळ्यावर टाकला, उन्हाळाभर तिथे तापला. मुंबई-ठाण्याकडून आणि कोकणातून येणाऱ्या तंबूंत हे जास्त दिसतं. तंबू पुरता वाळवून, सैल घडी करून, जुन्या चादरीच्या खोळीत, कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. एवढ्याने त्याचं आयुष्य कितीतरी वाढतं. सिलिकॉनचा लेप दिलेलं कापड या बाबतीत उजवं असतं. खिशाला परवडत असेल तर त्यासाठी पैसे मोजावेत.

टिकाऊपणा म्हटलं की लोक कापड चिमटीत धरून बघतात. पण तंबू बाद होतो तो बहुधा सांध्यांत, चेनीत, शिवणीत. आमच्याकडे शिवणकाम करणारे काका आधी रिक्षांची हुडं शिवायचे. नवा तंबू आला की ते कापडाला हातही लावत नाहीत. कोपऱ्यात जिथे काडीचं टोक बसतं तिथे कापडाचे किती पदर आहेत, पट्टी आडव्या-तिरप्या टाक्यांनी दाबली आहे की एकाच सरळ टाक्याने, ते बघतात. मग शिवण प्रकाशासमोर धरून आतून चिकटवलेली पट्टी सलग आहे का ते तपासतात. पट्टी जिथे संपते तिथून पाणी येतं. मग चेन.

चेनीची दुरुस्ती ही आमच्याकडची सगळ्यांत मोठी रांग. दिवेआगरहून, हर्णैहून, सुरूच्या बनातून परत आलेल्या तंबूची चेन ओढली की मागून उघडी पडत जाते. लोकांना वाटतं दाते गेले. दाते सहसा शाबूत असतात. वाळूने घासून रनर आतून झिजलेला आणि फाकलेला असतो. काका आधी जुना टूथब्रश आणि साधं पाणी घेऊन चेनीतली वाळू आणि मीठ काढतात. चेन सुकली की रनर अगदी टोकाला आणून पक्कडीने एका बाजूने हलकंच दाबतात, मग दुसऱ्या बाजूने. ओढून बघतात. पुन्हा केसभर दाबतात. जास्त दाबला तर रनर अडकतो, आणखी दाबला तर तडकतो. "ताई, हा अजून दोन समुद्र खाईल, मग बदला," असं म्हणून तंबू माझ्याकडे सरकवतात. दारांना आठ किंवा दहा नंबरची जाड चेन असलेला तंबू घ्यावा. मोठ्या दाराला पाच नंबरची बारीक चेन लावलेली दिसली की बाकी सगळं चांगलं असूनही मी तो बाजूला ठेवते. दाराला अरुंद वळण असेल तर चेन तिथेच झिजते. ओढताना दुसऱ्या हाताने कापड ताठ धरायचं, हे मुलांना शिकवलं की निम्मा त्रास वाचतो. आणि किनाऱ्यावरून आल्यावर चेनी गोड्या पाण्याने धुवायच्या.

काड्यांचं थोडक्यात सांगते. फायबरग्लासची काडी स्वस्त आणि लवचीक असते, पण मोडते तेव्हा उभी चिरते आणि तिचे कुसळासारखे धागे तळहातात घुसतात. ॲल्युमिनियमची काडी वाकते. वाकलेली काडी नळीचा तुकडा चढवून निदान तो मुक्काम पार पाडते. मोठ्या तंबूला ॲल्युमिनियम महाग पडतं. तेव्हा फायबरग्लासच घ्यायचं असेल तर जाड, ९.५ किंवा ११ मिलिमीटरचं घ्यावं. कुठलीही काडी असो, वाऱ्याइतकीच ती उभारताना मोडते. दोन तुकडे एकमेकांत पुरते बसलेले नसतात, कुणीतरी घाईने काडीला बाक देतं आणि सगळा जोर सांध्याच्या कडेवर येतो. काड्या जोडायचं काम मुलांना द्यावं, त्यांना ते फार आवडतं, पण बाक देण्याआधी मोठ्याने प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवावं.

तंबूसोबत येणाऱ्या बारीक तारेच्या मेखा आपल्या मुरमात पहिल्याच ठोक्याला वाकतात. आम्ही १० मिलिमीटरच्या सळईच्या फूटभर लांबीच्या मेखा करून घेतल्या आहेत, खाली टोक काढलेल्या आणि वर आकड्यासारख्या वळवलेल्या. डोकं तंबूपासून दूर झुकवून तिरक्या ठोकायच्या. कातळावर आणि कोकणातल्या जांभ्यावर मेख जातच नाही. तिथे तणावा जाड काठीला बांधून काठीवर धोंडे रचायचे. वाळूत पिशवी भरून, तिला दोरी बांधून पुरायची.

डिसेंबरात वेगळीच तक्रार येते. पाऊस नव्हता तरी अंथरुणं ओली झाली, तंबू गळका दिला! चार माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात सुमारे लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. थंड कापडाला ते भेटलं की थेंब होतात. पाणी शिवणीच्या रेषेत असेल तर ती गळती, सगळीकडे सारखं असेल तर तो आपलाच श्वास. यासाठी दुहेरी तंबू घ्यावा. आतलं छप्पर जाळीचं, बाहेरचं कापड त्याच्यापासून वीतभर सुटं, वर आणि खाली वाऱ्याच्या खिडक्या. थंडी वाजते म्हणून लोक या खिडक्या बंद करतात आणि मग भिजतात. खिडक्या उघड्या ठेवून एक जास्तीचं पांघरूण घ्यावं.

याच थंडीत घडणारी एक गोष्ट मी प्रत्येक घराला तोंडी सांगते आणि पिशवीवरच्या चिठ्ठीवर लाल अक्षरांत लिहिते. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, गॅसची शेगडी तंबूच्या आत घ्यायची नाही. विझत आलेले निखारेही नाहीत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. मोठा तंबू आहे, दार अर्धं उघडं आहे, आजींना हुडहुडी भरली आहे, यातलं कुठलंही कारण चालत नाही. आजींना गरम पाण्याची पिशवी द्या, कानटोपी द्या, आणि गादीखाली जाड सतरंजी घाला, कारण थंडी खालून जमिनीतून चढते.

परत आल्यावर तंबू वाळवायचा कुठे, हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा खरा प्रश्न असतो. विकत घेण्याआधीच त्याचा विचार करावा. सोसायटीची गच्ची उघडता येते का? पार्किंगमध्ये दोन तास उभा करू देतात का? मोठा तंबू बाल्कनीतल्या दोरीवर मावत नाही. ओला तंबू बंद डिकीत दोन दिवस राहिला तरी काळ्या बुरशीचे ठिपके धरतो आणि ते पुन्हा जात नाहीत. धुवायच्या मशीनमध्ये तर तो कधीच घालू नये, आतला लेप निघून येतो. भाड्याने नेणाऱ्यांना मी सांगते, ओला असेल तर तसाच आणून द्या, घडीसुद्धा घालू नका, वाळवायचं काम आमचं. वर्षातून एखाद-दुसऱ्यांदाच जाणाऱ्या, गच्ची नसलेल्या घराने तंबू विकत घेऊच नये, असं माझं मत आहे आणि त्यासाठी माझा धंदा भाड्याचा असण्याची गरज नाही.

मोठी कुटुंबं विचारतात, आठ जणांना एकच मोठा घेऊ का? मी दोन मध्यम सुचवते, दोन्ही उभं राहता येणारे, तोंडं समोरासमोर आणि मध्ये छप्पर म्हणून ताडपत्री. लहान बाळ एका बाजूला झोपतं, घोरणारे दुसऱ्या बाजूला. एकाची काडी मोडली तर सगळ्यांना दुसरा असतो. भातखाचरात आठ जणांच्या तंबूला लागेल एवढी सपाट जागाही सहसा सापडत नाही. दोन मध्यम मात्र कुठेही बसतात.

मध्यंतरी निवृत्त शिक्षिका असलेल्या एक काकू मुलाबरोबर तंबू घ्यायला आल्या होत्या. मुलगा डेनियर आणि मिलिमीटर विचारत होता. काकूंनी उभारून ठेवलेल्या तंबूत जाऊन खुर्ची मागवली, बसून बघितलं, उठून बघितलं, दारातून चार-पाचदा आत-बाहेर केलं आणि मला म्हणाल्या, "उंची छान आहे हो. पण हा उंबरा रात्री मला पाडणार." तळाचं कापड दारापाशी वीतभर वर आलेलं होतं. ते तसं असतं, पावसाचं वाहतं पाणी आत येऊ नये म्हणून. दिवसा मुलं त्यावरून उडी मारून जातात. काकूंना दर वेळी पाय मुद्दाम उचलावा लागत होता. मी दुसरा एक तंबू दाखवला. त्याच्या दारातली पट्टी दोन बाजूंच्या अडकवण्या काढून जमिनीला सपाट टेकवता येते आणि पाऊस आला की परत वर अडकवता येते. काकांनी त्या पट्टीच्या कडेला चमकणारी पांढरी फीत शिवून दिली, टॉर्चच्या प्रकाशात दिसेल अशी. तंबू काकू घेऊन गेल्या. आता प्रत्येक तंबूच्या चिठ्ठीवर तळ, उंची, चेनीचा नंबर यांच्यासोबत उंबऱ्याची उंचीही लिहिलेली असते, आणि पांढऱ्या फितीचं आणखी एक रीळ मागवलं आहे.